सावलीच्या परसात होस्टा: नव्याने बाग करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, ओहायो, मिशिगन या भागांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या परसात साधारण एकच चित्र दिसते. उन्हाची जागा टोमॅटो, मिरच्या आणि मेथी यांना मिळते. मॅपल-ओकच्या झाडांखालची, लाकडी कुंपणालगतची किंवा घराच्या उत्तरेकडची सावलीची पट्टी मात्र ‘इथे काही येत नाही’ म्हणून सोडून दिली जाते. त्या पट्टीसाठी होस्टासारखे दुसरे झाड नाही. फुले येतात, पण ते लावायचे पानांसाठी. एकदा रुजले की दर वसंतात जमिनीतून पुन्हा वर येते आणि नीट सांभाळल्यास वीस-पंचवीस वर्षे त्याच जागी राहते.

होस्टाचे मूळ जपान, कोरिया आणि चीन या देशांत आहे. जपानमध्ये त्याला गिबोशी म्हणतात आणि काही जातींचे कोवळे कोंब तिथे ‘उरुई’ या नावाने भाजी म्हणून खाल्ले जातात. होस्टा हे नाव निकोलाउस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून 1812 मध्ये दिले गेले. आज याचे हजारो वाण उपलब्ध आहेत आणि नवख्या माणसाची पंचाईत तिथेच होते, कारण नर्सरीत सगळेच वाण देखणे दिसतात. या लेखाचा रोख म्हणून एकाच गोष्टीवर आहे: आधी आपली सावली ओळखावी आणि मग तिला मानवेल असे रोप आणावे. उलट क्रमाने गेल्यास पाने करपतात, नाहीतर झाड वर्षानुवर्षे आहे तेवढेच राहते.

सुरुवातीला काय हाताशी असावे

साधनांत एक मजबूत फावडे, खुरपे, मुळे कापण्यासाठी जुनी दातेरी सुरी, पाण्याची नळी, कंपोस्टच्या काही पिशव्या आणि सालींचे किंवा कुजलेल्या पानांचे आच्छादन एवढे पुरे. हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी घरातले ब्लीच लागेल. त्याचे कारण पुढे येईल.

कागदोपत्री तीन गोष्टी आधी उरकाव्यात. तुमच्या वसाहतीत होमओनर्स असोसिएशन असेल, तर पुढच्या अंगणातल्या नव्या वाफ्यासाठी परवानगी लागते का, ते नियमावलीत पाहावे आणि लागत असल्यास ती लेखी घ्यावी. दुसरे म्हणजे, खणण्यापूर्वी 811 या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या गॅस, वीज आणि केबलच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात. ही सेवा मोफत आहे आणि न्यू जर्सीत किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावे लागते. एवढ्याशा वाफ्यासाठी कशाला, असे वाटेल. पण केबलची वाहिनी कित्येकदा फावड्याच्या पहिल्याच घावाच्या टप्प्यात असते. तिसरे, मातीची तपासणी. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची मृदा-चाचणी प्रयोगशाळा आहे. इतर राज्यांतही विद्यापीठांच्या विस्तार सेवेमार्फत (एक्स्टेन्शन सर्व्हिस) अशी सोय असते. अहवालात मातीचा सामू (pH) आणि कोणती अन्नद्रव्ये कमी आहेत ते कळते, त्यामुळे अंदाजाने खत टाकण्याची वेळ येत नाही. होस्टाला साधारण 6 ते 7 सामूची, म्हणजे किंचित आम्लधर्मी ते उदासीन माती मानवते.

1. सावली ओळखा

सावली एप्रिलमध्ये मोजू नका. त्या वेळी मॅपल आणि ओक यांना पाने नसतात आणि जूनमध्ये गर्द अंधारी होणारी जागा लख्ख उन्हात न्हालेली दिसते. झाडांना पूर्ण पाने आल्यावर, मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला त्या जागेचा फोनवर एक फोटो काढून ठेवावा. किती तास ऊन येते यापेक्षा ते केव्हा येते याला अधिक महत्त्व आहे. सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि नंतर सावली ही होस्टासाठी सर्वांत चांगली जागा. दुपारी बारा ते चारचे ऊन मात्र, तास दोनच असले तरी, बहुतेक वाणांची पाने करपवते.

याबरोबरच जागा कोरडी आहे की ओलसर, तेही पाहावे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बोट मातीत खुपसून ओल कुठवर गेली आहे ते तपासता येते. घराच्या वळचणीखालच्या पट्टीत पाऊस जवळजवळ पोहोचतच नाही, आणि नॉर्वे मॅपल किंवा सिल्व्हर मॅपलच्या खाली उथळ मुळांचे जाळे आलेले पाणी शोषून घेते. अशा कोरड्या सावलीत होस्टा मरत नाही, पण वाढतही नाही. ‘सावलीतले झाड’ या शब्दांनी फसू नये; होस्टा सावली सहन करतो, तहान सहन करत नाही.

2. पानांचा रंग पाहून वाण निवडा

वाणांची नावे पाठ करण्याची गरज नाही. पानाचा रंग पाहिला की त्याला किती ऊन चालेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

निळसर पानांचा निळेपणा पानावरच्या मेणाच्या पातळ थरामुळे असतो. पानावरून अंगठा जरा दाबून फिरवला की तेवढ्या भागातले मेण निघून खालचा हिरवा रंग दिसतो. हे मेण वसंतात पाने उलगडतानाच तयार होते आणि पुढे ऊन, उष्णता व पावसाच्या माऱ्याने ओसरत जाते. म्हणून ‘हॅल्सियन’ किंवा ‘ब्लू एंजल’ यांच्यासारखे निळे वाण ऑगस्टपर्यंत हिरवट होतात आणि तो रोग नव्हे. निळेपणा जास्त काळ टिकवायचा असेल तर हे वाण गर्द सावलीत, फार तर सकाळच्या कोवळ्या उन्हात लावावेत आणि त्यांच्या पानांवर नळीची जोरदार धार सोडू नये.

पिवळ्या किंवा पोपटी पानांना याच्या उलट थोडे अधिक ऊन लागते, नाहीतर त्यांचा रंग हिरव्याकडे झुकतो. ‘सम अँड सब्स्टन्स’ हा प्रचंड पानांचा पोपटी वाण सकाळचे भरपूर ऊन आनंदाने घेतो. पांढऱ्या कडांचे हिरवे वाण, जसे ‘फ्रान्सी’ आणि ‘पेट्रियट’, अंधाऱ्या कोपऱ्यात उठून दिसतात आणि नवख्यांच्या हातून सहसा बिघडत नाहीत. पानाचा मधला भाग पांढरा असलेले वाण दुकानात सर्वांत मोहक दिसतात, पण तेच सर्वांत नाजूक असतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने झाड सावकाश वाढते आणि दुपारच्या उन्हाने तो भाग तपकिरी पडून फाटतो. पहिल्या वर्षी ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुवासिक फुले हवी असतील तर ‘प्लँटाजिनिया’ ही चीनमधली मूळ जाती किंवा तिच्या रक्ताचे ‘ग्वाकामोली’, ‘रॉयल स्टँडर्ड’, ‘फ्रेग्रंट बुके’ हे वाण पाहावेत. ‘प्लँटाजिनिया’ची मोठी पांढरी फुले ऑगस्टमध्ये संध्याकाळच्या सुमारास उमलतात, ती बसण्या-उठण्याच्या जागेजवळ लावली तर त्यांचा उपयोग. हे वाण इतरांपेक्षा जास्त ऊन सोसतात, मात्र तितकेच जास्त पाणी मागतात.

आकाराचा विचार लावण्यापूर्वीच करावा. ‘ब्लू माउस इअर्स’ जेमतेम फूटभर पसरतो, ‘हॅल्सियन’ला तीन फुटांची जागा लागते आणि ‘एम्प्रेस वू’ पूर्ण वाढल्यावर पाच फूट किंवा त्याहूनही अधिक पसरतो. नर्सरीतल्या एक गॅलनच्या कुंडीत मात्र हे तिन्ही जवळपास सारखेच दिसतात, म्हणून लेबलावरची रुंदी वाचल्याशिवाय रोप गाडीत टाकू नये. मध्यम वाणाला भरायला चार-पाच वर्षे लागतात, मोठ्या वाणांना त्याहून जास्त.

3. रोप घेताना विषाणूची तपासणी करा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी. ‘होस्टा व्हायरस एक्स’ नावाचा विषाणू 1996 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ओळखला गेला. त्यावर कोणतेही औषध नाही. तो झाडाच्या रसातून पसरतो, म्हणजे एका झाडाचे पान कापलेल्या कात्रीने दुसरे कापले तर दुसऱ्यालाही लागण होऊ शकते. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला कित्येक महिने, कधी काही वर्षेही लागतात, त्यामुळे रोगट रोपे अनेक वर्षे निरोगी म्हणून विकली गेली. विषाणूमुळे पानांवर उमटलेली नक्षी पाहून ‘लेपर्ड फ्रॉग’ आणि ‘ब्रेक डान्स’ यांसारखी रोपे तर चक्क नवे वाण म्हणून बाजारात आली होती.

रोप हातात घेऊन उजेडात धरावे आणि शिरा पाहाव्यात. ओल्या कागदावर शाई फुटावी तसा शिरेच्या दोन्ही बाजूंना गडद हिरवा रंग वेडावाकडा पसरलेला दिसला, विशेषतः पिवळ्या पानावर, तर ते रोप परत ठेवावे. पानाचा काही भाग आक्रसलेला किंवा जाडीने वेगळा लागला, तरीही तेच करावे. वाणाच्या स्वाभाविक नक्षीत रंग पानाच्या कडेशी किंवा मध्यभागी ठरावीक रचनेने असतो. विषाणूच्या नक्षीला रचना नसते. ‘गोल्ड स्टँडर्ड’, ‘सम अँड सब्स्टन्स’ आणि ‘स्ट्रिपटीज’ या वाणांत ही लागण बरीच आढळलेली आहे, म्हणून ते घेताना अधिक बारकाईने पाहावे.

मोठ्या दुकानांत वसंतात भुशात गुंडाळलेले बिनपानांचे गड्डे, म्हणजे मुळांसकट झाडाचे बुंधे, पिशवीतून स्वस्तात मिळतात. पाने नसल्याने त्यांत रोग आहे की नाही, ते घेताना कळण्याचा मार्ग नाही. शिवाय पिशवीवरचे चित्र आणि आतला वाण यांची गाठ पडतेच असे नाही. त्याऐवजी मे महिन्यात पाने उलगडलेले कुंडीतले रोप स्थानिक नर्सरीतून घ्यावे. दोन डॉलर जास्त गेले तरी ते वाचवण्यासारखे नाहीत. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, अगदी लहान रोपे मिळाली, तर ती आधी वर्षभर कुंडीत वाढवून मग जमिनीत न्यावीत.

4. जमीन तयार करा

मध्य जर्सीत अनेक ठिकाणी तांबडी चिकण माती आहे. ती ओली असताना खणू नये, कारण मग तिची ढेकळे विटेसारखी घट्ट होतात. फूटभर खोल आणि कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद भाग मोकळा करून निघालेल्या मातीत तिच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके कंपोस्ट मिसळावे. होस्टाची मुळे खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात, त्यामुळे खड्ड्याच्या खोलीपेक्षा रुंदीचा फायदा अधिक होतो.

मॅपलखाली हे जमत नाही. एक तर मोठी मुळे तोडल्याने झाडाला इजा होते, आणि मोकळी केलेली, खतावलेली माती मिळताच मॅपलची बारीक मुळे दोन-तीन वर्षांत तिचा ताबा घेतात. अशा जागी सरळ मोठ्या कुंड्या झाडाखाली ठेवाव्यात आणि त्यांतच होस्टा वाढवावा. खोडालगत मातीचा ढीग घालून उंच वाफा करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने मॅपलचे खोड कुजते.

5. लावणी

लावणीचे दोन हंगाम आहेत: कोंब वर आल्यानंतरचा वसंत, आणि जमीन गोठण्याच्या किमान सहा आठवडे आधी, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. भर जुलैत लावलेले रोप जगते, पण रोज पाणी घालण्याची तयारी असावी लागते.

कुंडीतून रोप काढून बाहेरच्या बाजूने गोल वळलेली मुळे बोटांनी सोडवावीत. खड्ड्याच्या मध्यभागी मातीचा लहान उंचवटा करून त्यावर गड्डा टेकवावा आणि मुळे चारी बाजूंनी खाली पसरावीत. गड्ड्याचा माथा कुंडीत मातीशी जितका समपातळीत होता तितकाच राहिला पाहिजे. खोल गेला तर कुजतो. अर्धा खड्डा भरल्यावर पाणी सोडून माती बसू द्यावी, मग उरलेली भरावी. पायाने तुडवू नये.

पहिल्या वर्षी दोन रोपांमधली जागा फार मोकळी दिसते आणि तिथे आणखी रोपे कोंबण्याची इच्छा होते. त्याऐवजी शरद ऋतूत त्या जागी डॅफोडिलचे कंद लावावेत. हरणे ते खात नाहीत, एप्रिलमध्ये फुलून जातात आणि त्यांची पिवळी पडणारी पाने होस्टाच्या नव्या पानांआड झाकली जातात.

6. पाणी, आच्छादन, खत

पावसासह आठवड्याला सुमारे एक इंच पाणी मिळाले पाहिजे. वाफ्यात एक सपाट तळाचा रिकामा डबा ठेवला की किती पडले ते मोजता येते. मोठ्या पानांचे होस्टा पावसाचे पाणी स्वतःच्या मुळांपासून दूर ओघळू देतात, म्हणून नळी पानांखाली धरून जमिनीवर पाणी द्यावे, आणि तेही सकाळी. संध्याकाळी भिजवलेला वाफा म्हणजे गोगलगाईंना आमंत्रण.

आच्छादन दोन इंचांपेक्षा जास्त नको आणि देठांच्या बुडाशी टेकलेले नको. उष्ण, दमट हवेत देठ बुडापासून कुजून पाने आडवी पडली, बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती बुरशी आहे. तो गड्डा आणि भोवतालची माती काढून कचऱ्यात टाकावी, कंपोस्टमध्ये टाकू नये.

खत वसंतात एकदा, मातीच्या अहवालानुसार, सावकाश विरघळणारे. जुलैच्या मध्यानंतर देऊ नये.

7. गोगलगाई, हरणे आणि उंदीर

होस्टाची बहुतेक पाने वसंतातल्या एकाच बहरात येतात. कोंबाची गुंडाळी असताना गोगलगाईने त्यातून एक भोक पाडले, तर पान उलगडल्यावर ओळीने अनेक भोके दिसतात आणि ती हिमपातापर्यंत तशीच राहतात. म्हणून बंदोबस्त जूनमध्ये भोके पाहून नव्हे, तर एप्रिलमध्ये कोंब दिसताच सुरू करावा. आयर्न फॉस्फेटचे गोगलगाई मारणारे दाणे पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात विरळ पसरावेत. मेटाल्डिहाइड असलेली औषधे कुत्र्यांना अत्यंत घातक असतात. ती घरात आणूच नयेत. अंड्यांची टरफले आणि तांब्याची पट्टी यांचा सल्ला सगळेच देतात, पण ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत या उपायांनी नुकसान कमी झालेले आढळले नाही. रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचणे आणि साबणाच्या पाण्यात टाकणे हा उपाय किळसवाणा खरा, परंतु खात्रीचा आहे. ते जमणार नसेल तर जाड पानांचे वाण निवडावेत. पातळ पानांपेक्षा ती पुष्कळ कमी खाल्ली जातात.

हरणांना होस्टा फार आवडतो. सकाळी उठून पाहावे तर नुसते देठ उभे, असे एका रात्रीत होऊ शकते. तुमच्या भागात हरणे असतील तर कुंपणाच्या आत लावणे हाच पक्का उपाय. नाहीतर अंड्याचा घटक असलेली दुर्गंधी फवारणी कोंब दिसल्यापासून नियमित आणि जोरदार पावसानंतर पुन्हा करावी लागते. एखादा गड्डा वसंतात उगवलाच नाही किंवा हलकेच ओढल्यावर मुळांशिवाय हातात आला, तर ते व्होल नावाच्या आखूड शेपटीच्या उंदराचे काम असते. तिथे पुढचे रोप बारीक तारेच्या जाळीच्या टोपलीत लावावे.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर लक्षात घ्यावे की होस्टातील सॅपोनिन नावाचे द्रव्य त्यांना बाधते. पाने खाल्ल्यास उलट्या आणि जुलाब होतात.

8. उशिराचे हिम आणि हिवाळा

एप्रिलअखेर, कधी मेच्या पहिल्या आठवड्यातही हिम (फ्रॉस्ट) पडते. कोंब बंद असताना त्याचे फारसे बिघडत नाही, पण पाने उलगडू लागलेली असतील तर संध्याकाळी जुनी चादर किंवा पालथी बादली घालून सकाळी ती काढावी. प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटू देऊ नये.

शरदात पाने पिवळी पडून हिमाने लोळागोळा होतात. ती गोळा करून टाकावीत, कारण त्यांत गोगलगाईंची अंडी आणि पानांतले सूत्रकृमी, म्हणजे अतिसूक्ष्म जंत, राहू शकतात. ऑगस्टमध्ये शिरांच्या मधोमध तपकिरी लांबट पट्टे दिसले असतील, तर ते सूत्रकृमींचेच लक्षण समजावे आणि ते झाड इतरांपासून दूर ठेवावे.

कुंडीतले होस्टा थंडीत मायेने दिवाणखान्यात आणू नयेत. या झाडाला सक्तीची विश्रांती लागते. कित्येक आठवडे चार-पाच अंश सेल्सियसखालचे तापमान मिळाले नाही तर पुढच्या वसंतात ते खुरटे उगवते. कुंडी हीटिंग नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवावी आणि माती पूर्ण सुकू न देता, पण भिजतही न ठेवता, महिन्यातून एखाद्या वेळी थोडे पाणी द्यावे.

9. गड्डा फोडून रोपे करणे

होस्टाला फोडण्याची गरज नसते; आपल्याला रोपे हवी असतात म्हणून आपण फोडतो. चार-पाच वर्षांच्या झाडाचा गड्डा वसंतात, कोंब दोन-तीन इंच असताना, पूर्ण खणून काढावा, मुळांवरची माती धुवावी आणि प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब व भरपूर मुळे राहतील असा कापावा. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सुरी धुऊन एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात बुडवावी. मंडळातल्या मित्रमंडळींना रोपे देणार असाल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. बियांपासून केलेली रोपे मूळ वाणासारखी निघत नाहीत. पांढऱ्या कडांच्या झाडात एखादा भाग पूर्ण हिरवा उगवला, तर तो वेळीच मुळासकट कापून काढावा. अधिक जोमदार असल्याने तो कालांतराने बाकीचे झाड दाबून टाकतो.

10. भारतात नेण्याविषयी

उन्हाळ्यात आलेले आई-बाबा परतताना ‘एक गड्डा पुण्याला नेऊ का?’ असे हमखास विचारतात. बॅगेतून झाडे नेण्याला वनस्पती विलगीकरणाचे नियम आडवे येतात आणि त्यासाठी अधिकृत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. तेवढे करूनही पुण्या-मुंबईच्या हवेत होस्टा टिकत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या रात्री दव गोठते, पण या झाडाला सलग कित्येक आठवड्यांची थंडी हवी असते. तिकडच्या सावलीसाठी कॅलेडियम, अग्लोनिमा आणि कॅलेथिया ही पानांची झाडे कोणत्याही चांगल्या रोपवाटिकेत मिळतात, आणि ती लावण्याचा योग्य काळ आई-बाबा परत पोहोचतात त्याच सुमाराचा, पावसाळ्याचा आहे.